विमान घसरलं, भावोजी वाचले

विमानावर संकट आलं तर सामान वर ठेवून उतरायचं, हे समजायला फार अक्कल लागत नाही. विमान सुटण्याआधी दर वेळी ते सांगतात. त्या दिवशीही सांगितलं. माझे भावोजी तेव्हा फोनवर बोलत होते. हवाईसुंदरीने हाताने खूण केली तेव्हा त्यांनी फोन मांडीवर उलटा ठेवला आणि वाटेपलीकडच्या सीटवरच्या माणसाला म्हणाले, "आपल्याला हे सगळं पाठ आहे." तो बिचारा सूचना ऐकत होता, त्याचंही लक्ष उडालं.

आम्ही तिघं नागपूरहून मुंबईला परत येत होतो. माझी मोठी बहीण, तिचे यजमान आणि मी. ताईच्या नणंदेला नातू झाला होता, त्याच्या बारशाला गेलो होतो. खरं तर माझं त्या बारशात काही काम नव्हतं. पण ताईचे दोन्ही गुडघे गेलेले, विमानतळावर आणि परक्या घरात तिला उठायला-बसायला कोणीतरी लागतं. नवरा सोबत असताना कोणीतरी का लागतं, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारत नाही.

मी मुलुंडला एकटी राहते. लग्न केलं नाही. नोकरी केली, निवृत्त झाले, घर माझं आहे. भावोजींच्या मते हे सगळं माझ्या बाबतीत घडलेले अपघात आहेत. बोरिवलीला त्यांच्याकडे गेलं की जेवताना एकदा तरी निघतंच, "तुझं काय बाई, सडाफटिंग. पण बाईमाणसासोबत एक पुरुष असलेला बरा. वेळ काय सांगून येते का?" नागपूरला जाताना विमानतळावरही त्यांनी हे ऐकवलं. तेव्हा ताईची पर्स, माझी पर्स आणि त्यांच्या चष्म्याची पेटी, तिन्ही माझ्या हातात होत्या.

येताना ताई खिडकीशी, मी मधे आणि भावोजी वाटेच्या बाजूला. वरच्या कप्प्यात त्यांची चाकांची बॅग. तिच्यात संत्रा बर्फीचे डबे होते आणि बारशात मिळालेलं शर्ट-पँटचं कापड होतं. डबे चेपायला नकोत म्हणून त्यांनी दुसऱ्या कोणाची तरी बॅग बाहेर काढून मागच्या कप्प्यात कोंबली होती. ज्याची होती तो बघत होता. भावोजी त्याला म्हणाले, "ॲडजस्ट कर लो भाई."

मुंबईवर आलो तेव्हा भर दुपार होती, पण बाहेर दिवस असल्यासारखं काही दिसत नव्हतं. ऑगस्टचा पाऊस. विमान बराच वेळ ढगातच फिरत राहिलं. मग एकदम घाटकोपरच्या टेकडीवरची घरं खालून वर आली, पत्रे, निळ्या ताडपत्र्या, काळ्या टाक्या. इतकी जवळ, की एका गच्चीवर कोणीतरी दोरीवरचे कपडे ओढत होतं तेही दिसलं. ताईने माझा हात धरला. विमान उतरताना ती नेहमीच धरते.

चाकं टेकली. मला त्या यंत्रातलं काही कळत नाही, पण ब्रेक लागला की अंग पुढे जातं, तसं गेलं नाही. विमान नुसतं धावत राहिलं. मागे एकजण फोनवर "हां, उतर गये" म्हणून सांगायलाही लागला. आणि मग विमान तिरकं व्हायला लागलं. बस ओल्या रस्त्यावर घसरते तसं, सावकाश, शेपूट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. खिडकीवर पाणी उडालं, मग चिखल उडाला. खाली काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि पुढचा भाग खाली बसला. आम्ही सगळे पट्ट्यांत पुढे लोंबकळलो. कोणाचा तरी चष्मा वाटेवरून घरंगळत पुढे गेला.

मग सगळं थांबलं. दिवे गेले. क्षणभर इतकी शांतता होती की छतावरचा पाऊस ऐकू येत होता. नंतर तेलाचा वास यायला लागला, आणि वास आल्यावर लोक ओरडायला लागले.

मी पहिल्यांदा ताईकडे बघितलं. ती पांढरीफटक पडली होती, पण शुद्धीत होती. "लागलं का गं?" विचारलं तर म्हणाली, "नाही. तुझं बघ." मी तिचा पट्टा सोडला, माझा सोडला आणि बाहेर पडायला वळले. बाहेर पडता येईना. वाटेत भावोजी उभे होते. दोन्ही हात वर करून ते कप्पा उघडत होते.

विमान वाकडं झाल्यामुळे कप्पा अडकला होता. ते त्याच्यावर मुठी मारत होते. मागून माणसं ढकलत होती, "अरे अंकल, आगे बढो" म्हणत होती. मी म्हटलं, "भावोजी, राहू दे ते. ताईला उठवा." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक मिनिट गं." जणू आम्ही बोरिवली स्टेशनला उतरत होतो आणि गाडी अजून थांबायची होती.

कप्पा उघडला. बॅग त्यांच्या खांद्यावर आली, तिथून मागच्या बाईच्या हातावर आदळली. तेवढ्यात मागच्या दारापासून ती मुलगी आली. हवाईसुंदरी म्हणतात, पण त्या वेळी तिच्यात सुंदरीसारखं काही नव्हतं. केस सुटलेले, एका पायात बूट नाही, आवाज बसलेला. ती सीटांच्या पाठींवरून हात टाकत टाकत आली आणि ओरडली, "बॅग छोडो! बॅग छोडके पीछे जाओ!"

भावोजी म्हणाले, "मॅडम, नाजूक सामान आहे."

तिने त्यांच्या हातातली बॅग हिसकावली आणि पलीकडच्या रिकाम्या सीटवर भिरकावली. मग दोन्ही हातांनी त्यांच्या छातीला धक्का देऊन त्यांना मागच्या दाराकडे वळवलं. माझ्या आयुष्यात मी बघितलेल्या चांगल्या गोष्टींत त्या धक्क्याचा नंबर बराच वर लागतो.

भावोजी दोन पावलं गेले. आता मागे वळून बायकोला हात देतील असं मला वाटलं. ते वळलेही. वळले, सीटवर गुडघा टेकवला, बॅग उचलली, छातीशी धरली आणि निघून गेले. ताईने ते बघितलं. मी तिच्या शेजारीच होते, मला माहीत आहे तिने बघितलं.

ताईला उठवायला त्या मुलीला आणि मला जोर लावावा लागला. विमानाचं नाक खाली गेलं होतं, म्हणजे मागच्या दाराकडे जाणं म्हणजे चढ चढणं. ती मुलगी पुढून ओढत होती, मी मागून लोटत होते. दारापाशी पोचलो आणि ताई थबकली. शेपूट वर उचललं गेल्यामुळे रबराची ती घसरगुंडी जवळजवळ उभी झाली होती. खाली चिखल, पाऊस आणि पळणारी माणसं.

"अगं बाई," ताई म्हणाली. "मला नाही जमायचं हे."

मुलीने ते ऐकलं आणि चटकन मराठीत आली. "काकू, खाली नका बघू. माझ्याकडे बघा. खाली बसा. हात असे छातीशी. गुडघे दुखतायत ना? ते नाही वाकवायचे, सरळ सोडायचे. मी ढकलू?"

ताईने तिच्याकडे बघितलं. म्हणाली, "ढकल."

तिने ढकललं. मग माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी बसले आणि गेले.

खाली एक तरुण माणूस उभा होता. तो आमच्यासारखाच प्रवासी. पळून न जाता तो थांबला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला धरून बाजूला करत होता. ताईलाही त्यानेच धरलं होतं. त्याच्या भुवईतून रक्त वाहत होतं, पावसाने सगळ्या शर्टभर पसरलं होतं. मी विचारलं, कसं लागलं? तो म्हणाला, "एक अंकल बॅग लेके आये ना ऊपर से. उसका पहिया लगा."

आम्हा सगळ्यांत मला तरी तेवढंच रक्त दिसलं. विमान धावपट्टी सोडून चिखलात गेलं, पुढचं चाक मोडलं, आणि तरी सगळी माणसं धड बाहेर आली. ज्या एकाला टाके पडले त्याला ते संत्रा बर्फीने पडले.

भावोजी लांब गवतात उभे होते. बॅग पायांत, फोन हातात. विमानाकडे तोंड करून त्यांचं चित्रीकरण चालू होतं, आणि वर स्वतःच्या आवाजात माहिती देणंही. मी ताईला धरून तिथपर्यंत नेलं. त्यांनी फोन आमच्याकडे वळवला आणि म्हणाले, "आणि ह्या माझ्या मिसेस, सुखरूप."

पुढचं सगळ्यांना माहीत असतं तसंच झालं. बसगाड्या आल्या. एका हॉलमध्ये बसवलं, चहा आणि बिस्किटं दिली. विमान कंपनीचा एक कोरडा, इस्त्रीचा माणूस आला आणि झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत म्हणाला. गैरसोय. नळाला पाणी आलं नाही की त्याला गैरसोय म्हणतात. विमान धावपट्टीवरून "किंचित बाजूला" गेलं होतं, असंही तो म्हणाला. आमच्या केसांत तो किंचितपणा अजून ओला होता. डॉक्टरने ताईचं ब्लडप्रेशर बघितलं. भावोजींनी आपलंही बघायला लावलं. ते उत्तम होतं.

बाहेर टीव्हीवाले होते. ज्यांना खरोखर काही सांगता आलं असतं ते खाली मान घालून टॅक्सीकडे जात होते. भुवईवर पट्टी बांधलेला तो तरुणही तसाच गेला. भावोजी मात्र थांबले. माईकवाल्या मुलीने विचारलं, "तुम्हाला त्या क्षणी काय वाटलं?" मरता मरता वाचलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायला मुद्दाम कोणीतरी शिकवत असावं. भावोजींनी घसा साफ केला. "मी घाबरलो नाही," ते म्हणाले. "मी आधी लेडीजना बाहेर काढलं. एकाला डोक्याला लागलं होतं, त्याला माझा रुमाल दिला." त्यांचा रुमाल ताईच्या पर्समध्ये होता आणि पर्स विमानात होती.

ताई माझ्या शेजारी खुर्चीत बसून हे ऐकत होती. मी बोलणार होते, तर तिने माझा दंड दाबला. "घरी जाऊया आधी," म्हणाली.

त्या आठवड्यात त्यांच्या सोसायटीने सत्कार ठेवला. रविवारी सकाळी, खालच्या हॉलमध्ये. गेटवर भावोजींच्या फोटोचा बॅनर, वर 'मृत्यूवर मात' आणि खाली वॉर्डातल्या एका होतकरू पुढाऱ्याचा भावोजींपेक्षा मोठा फोटो. मृत्यूवर मात करायला त्यानेही मदत केली असावी. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. पुढारी बोलला, सेक्रेटरी बोलला. मग भावोजी बोलले. टीव्हीवर लेडीज होत्या, त्यांत आता दोन लहान मुलं आली होती. अडकलेला कप्पा अडकलेला दरवाजा झाला होता, आणि तो त्यांनी खांद्याने उघडला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर बर्फी वाटली. बॅगेतलीच. डबे खरंच चेपले नव्हते.

शेजारची बाई ताईला म्हणाली, "तुमचं नशीब हो, असा माणूस बरोबर होता." ताई म्हणाली, "हो ना."

मला तेव्हा ताईचाच राग आला होता. इतक्या वर्षांत तिचा असा राग कधी आला नव्हता. जिना चढताना मी म्हटलं, "तू गप्प कशी बसतेस गं?" ती कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती. म्हणाली, "कोणाचं काय गेलं त्यात? चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवू दे."

मला ते पटलं नाही, पण तिचं बरोबर होतं. तोपर्यंत खरंच कोणाचं काही गेलेलं नव्हतं.

सत्कार अंगी लागला की माणसाला मान-अपमान जास्त टोचतात. भावोजींना त्या मुलीचा धक्का आठवायला लागला. "माझ्या अंगावर हात टाकला तिने. माझ्या वयाचा तरी विचार करायचा." त्यांनी कंपनीकडे तक्रार केली. सोबत टीव्हीवरची आपली मुलाखत जोडली, म्हणजे आपण कोण आहोत ते त्यांना कळावं. मग मला फोन केला. साक्षीदार म्हणून माझंही नाव घालतोय म्हणाले.

"काय साक्ष देऊ?" मी विचारलं.

"हेच, की ती उद्धट वागली."

"भावोजी, ती नसती तर ताई आत राहिली असती."

"असं कसं राहिली असती? मी होतो ना."

मी फोन ठेवला. रागाने ठेवला असं नाही. पुढे बोलायला काही उरलंच नव्हतं.

काही दिवसांनी मी बोरिवलीला ताईकडे गेले होते. जेवणं झाली होती, भावोजी आरामखुर्चीत होते. ताईचा फोन वाजला. कंपनीतून एक बाई बोलत होती, चांगली समजूतदार वाटली. तक्रारीत प्रवासी म्हणून ताईचंही नाव होतं, तर दोन प्रश्न विचारायचे होते. भावोजी उठून बसले. "स्पीकरवर टाक," म्हणाले. आणि हळू आवाजात, "उद्धट म्हण. शब्द तोच वापर."

ताईने स्पीकरवर टाकला. बाईने सांगितलं की चौकशी पुरी होईपर्यंत त्या मुलीला उड्डाणावरून बाजूला ठेवलं आहे, म्हणून लवकर निकाल लावायचा आहे. हे ऐकल्यावर ताईने फोन हातात घेतला, तोंडाजवळ नेला.

"तिला बाजूला ठेवलंय? कशासाठी?"

"मॅडम, आपल्या मिस्टरांची तक्रार आहे की तिने त्यांना धक्का दिला."

"दिला," ताई म्हणाली. "हे वाट अडवून बॅग काढत होते. मागे माणसं खोळंबली होती. मी आत अडकले होते, माझे गुडघे चालत नाहीत. तिने ह्यांना ढकललं, आणि मग मला बाहेर काढलं. ती आणि माझी बहीण, दोघींनी. ह्यांनी बॅग काढली."

भावोजी हाताने नको-नको करत होते.

"मॅडम, हे मी आपल्या नावाने लिहून घेऊ?"

"घ्या. आणि अजून लिहा. खाली एका मुलाला लागलं, ते ह्यांच्या बॅगेचं चाक लागलं. त्याची कोणी विचारपूस केली असेल तर बरं, नसेल तर करा." मग आवाज जरा खाली आणून ताईने विचारलं, "ती पोरगी पुन्हा कामावर येईल ना?"

"आता यायला हरकत नसावी, मॅडम."

ताईने फोन बंद केला आणि ताटं उचलायला लागली. भावोजी छताकडे बघत बसले होते. तसेच बसून म्हणाले, "घरातली गोष्ट बाहेर सांगायची नसते." ताई म्हणाली, "विमानात घर कुठे होतं?" आणि आत गेली.

मी तिच्यामागे गेले. ती बेसिनपाशी उभी होती. नळ चालू करून ती भांड्यांकडे बघत राहिली. मी म्हटलं, "ताई, बस जरा." ती बसली नाही.

"तुला वाटलं असेल मला तिथे विमानात कळलं," ती म्हणाली. "लग्नाच्या पहिल्याच वर्षी गोराईला गेलो होतो. परत येताना कुत्री मागे लागली. हे पुढे पळाले. होडीच्या धक्क्यापर्यंत पळाले. मी मागून आले तर मला म्हणतात, किती हळू चालतेस. मी म्हटलं, तरुण आहेत, घाबरले असतील."

"आणि मग?"

"मग काय मग. प्रत्येक वेळी कुत्रं थोडंच असतं. नसतं तेव्हा बरे असतात." तिने एक ताट विसळलं. "माझं मी बघून घेतलं असतं गं. पण त्या पोरीची नोकरी जायची वेळ आली. ते नाही चालणार."

तक्रार मिटली. कंपनीचं भावोजींना उत्तर आलं, त्यात खेद होता आणि कारवाई नव्हती. मुलगी कामावर रुजू झाल्याचं त्या समजूतदार बाईने आपणहून ताईला फोन करून सांगितलं. त्या तरुणाचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही.

भावोजींचा किस्सा सोसायटीच्या बाकावर चालूच आहे. ऐकणारे बदलतात, मुलांची संख्या वाढते. बॅनर मात्र उतरला, कारण त्या जागी दहीहंडीचा लागला. पुढारी तोच.

या हिवाळ्यात ताईने एका गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. भावोजींना हॉस्पिटलचा वास सहन होत नाही, म्हणून मी मुलुंडहून येऊन राहिले. ते संध्याकाळी यायचे, उभ्या उभ्या विचारपूस करायचे आणि गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून निघायचे. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपीवाली आली आणि ताईला म्हणाली, "काकू, आज उभं राहायचं. घरचे पुरुष कोणी आहेत का धरायला?"

"नको," ताई म्हणाली. "ही आहे."